भिंत हेच यंत्र: मायटोकॉन्ड्रिया, पालक आणि कॉर्नवॉलचा एक हट्टी माणूस

आजचा एपिसोड एका भांडणाबद्दल आहे. मोठमोठ्या प्रयोगशाळांमधल्या हुशार माणसांचं, चांगलं पंधरा-सोळा वर्षं चाललेलं भांडण. आणि ते होतं कशावरून? तर पेशीच्या आतल्या एका पातळ पडद्यावरून. हा पडदा नुसतं वेष्टन आहे, की तोच खरा यंत्राचा भाग आहे?

बसमध्ये उभं राहून ऐकत असाल तरी चालेल, आकृती लागणार नाही. आकृती तुम्ही शाळेत काढलेलीच आहे. लांबट कॅप्सूल, आत नागमोडी रेघ, बाजूला नावं. आणि प्रश्न: "तंतुकणिकेची रचना तिच्या कार्यास कशी अनुरूप आहे ते स्पष्ट करा." उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ: आतील पटलाला घड्या असतात, त्यामुळे पृष्ठफळ वाढते, त्यामुळे जास्त ऊर्जा तयार होते. हरितलवकाचंही तसंच. चकत्यांच्या चळती असतात, पृष्ठफळ वाढते, मार्क मिळतात, विषय संपतो.

उत्तर चूक नाहीये. पण त्यात एक भोक आहे. पृष्ठफळ वाढलं म्हणून ऊर्जा का वाढेल? पातेल्यात डाळ शिजते तेव्हा पातेल्याला किती घड्या आहेत याने काही फरक पडत नाही. रसायनं एकमेकांवर आदळतात आणि काम होतं. मग इथे भिंतीला एवढं महत्त्व का? १९६१ पर्यंत जगात कोणाकडेच याचं धड उत्तर नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. मायटोकॉन्ड्रियन हे नाव १८९८ मध्ये कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. ग्रीकमध्ये मिटोस म्हणजे धागा, कॉन्ड्रोस म्हणजे कण. आपला 'तंतुकणिका' हा शब्द त्याचंच नेमकं मराठी रूप आहे. पुस्तकी परिभाषेला आपण नेहमी नावं ठेवतो, पण हा शब्द ज्याने घडवला त्याने चोख काम केलंय.

पेशी ऊर्जा खर्च करते ती एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात. हा रेणू १९२९ मध्ये सापडला, एकाच वर्षी दोन ठिकाणी. जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्यावर एक अख्खा एपिसोड करायचाय, म्हणून आज एवढंच. एटीपीचं गणित मात्र लक्षात ठेवा: आपलं शरीर दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतं आणि मोडतं. साठा असतो जेमतेम मूठभर. तोच मोडायचा, तोच परत जोडायचा, दिवसरात्र.

१९४८ मध्ये युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेह्निंगर यांनी दाखवलं की ऑक्सिजन वापरून एटीपी बनवण्याचं काम मायटोकॉन्ड्रियात चालतं. १९५४ मध्ये डॅनियल अर्नन यांनी पालकाच्या पानांतून हरितलवकं वेगळी काढून दाखवलं की तीही उजेडात स्वतःच्या बळावर एटीपी बनवतात. त्याच सुमारास न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायटोकॉन्ड्रियाचे पातळ काप पाहिले, आणि त्या प्रसिद्ध घड्या जगाला दिसल्या. पॅलेडने त्यांना क्रिस्टी म्हटलं. लॅटिनमध्ये क्रिस्टा म्हणजे तुरा, कोंबड्याच्या डोक्यावर असतो तसा.

म्हणजे १९५५ च्या आसपास कारखान्याचा पत्ता माहीत होता, माल माहीत होता आणि इमारतीचा फोटोही होता. माहीत नव्हतं ते एवढंच की आत होतं काय.

अर्धी गोष्ट समजली होती. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या एका साखळीवरून खाली खाली उतरतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. उतरताना ऊर्जा सुटते. दुसऱ्या टोकाला एडीपीला फॉस्फेट जोडून एटीपी बनतं, त्याला ऊर्जा लागते. मग ती ऊर्जा इथून तिथे नेतं कोण?

सगळ्यांना वाटलं, नेणारा एखादा रेणू असणार. १९५३ मध्ये बिल स्लेटर यांनी तसा प्रस्ताव मांडला: साखळीतून ऊर्जा उचलणारा एक 'मध्यस्थ' रेणू असतो, तो ती एटीपीच्या खात्यात जमा करतो. अगदी समजूतदार कल्पना होती. बाकीच्या रसायनशास्त्रात असे मध्यस्थ सापडले होतेच. मग शोध सुरू झाला. वर्षामागून वर्षं गेली. अधूनमधून कोणीतरी जाहीर करायचं की सापडला, आणि थोड्या दिवसांनी तो तो नसायचा.

दोन गोष्टी मात्र सतत खटकत होत्या. एक म्हणजे, मायटोकॉन्ड्रियाचा पडदा फाटला की एटीपी बनणं थांबायचं. इलेक्ट्रॉन उतरायचे, ऑक्सिजन खर्च व्हायचा, पण एटीपी नाही. पडदा नुसतं पोतं असेल तर पोतं फाटल्यावर आतल्या रसायनांना काय फरक पडावा?

दुसरी गोष्ट म्हणजे डायनायट्रोफिनॉल, डीएनपी. इथे जरा थांबतो, कारण हा भाग फक्त इतिहास नाहीये. डीएनपी हे मूळचं स्फोटकं आणि रंग बनवण्याच्या कामातलं रसायन. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांमध्ये ते हाताळणारे कामगार प्रचंड घामाघूम व्हायचे, वजन उतरायचं, ताप चढायचा, काही जण मेले. १९३३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मॉरिस टेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच रसायन वजन कमी करायला वापरून पाहिलं. वजन उतरलं! मग काय, अमेरिकेत गोळ्या धडाधड विकल्या जाऊ लागल्या. त्या काळच्या अंदाजानुसार लाखाच्या घरात लोकांनी त्या घेतल्या. कित्येकांना मोतीबिंदू झाला, आणि काही जण अक्षरशः आतून शिजून गेले, कारण शरीराचं तापमान चढतच राहिलं आणि उतरवायचा उपाय नव्हता. १९३८ मध्ये तिथे कायदा कडक झाला आणि ते बंद पडलं. बंद पडलं म्हणजे दुकानातून. इंटरनेटवर 'फॅट बर्नर' म्हणून ते परत आलं, इतकं की २०१५ मध्ये इंटरपोलला जगभरच्या पोलिसांना धोक्याची सूचना द्यावी लागली. जिमच्या ग्रुपवर कोणी पिवळ्या पावडरीची कॅप्सूल सुचवली तर हा परिच्छेद त्याला फॉरवर्ड करा.

शास्त्रज्ञांना कोडं असं पडलं होतं की डीएनपी करतं काय? ते दिलं की इलेक्ट्रॉन जोरात धावतात, ऑक्सिजन भराभर जळतो, पण एटीपी बनत नाही. सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. गिअर न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर पिळावा तसं. आणि असा परिणाम करणारी इतरही रसायनं सापडली, ज्यांची रेणूरचना एकमेकांशी अजिबात जुळत नव्हती. एकाच मध्यस्थ रेणूला इतकी वेगवेगळी रसायनं एकाच पद्धतीने कशी बिघडवतील?

इथे पीटर मिशेल येतो. जन्म १९२०, इंग्लंडमधला. केंब्रिजला शिकला, मग एडिनबरा विद्यापीठात गेला. त्याचा मूळ विषय श्वसन नव्हताच. जिवाणू आपल्या पडद्यातून पदार्थ आत कसे घेतात आणि बाहेर कसे टाकतात, यावर तो काम करायचा. त्यामुळे त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती जी बाकीच्यांच्या डोक्यात नव्हती: दिशा. परीक्षानळीतल्या रसायनशास्त्राला आत-बाहेर कळत नाही. सगळं एकत्र ढवळलेलं असतं. पडद्याला मात्र दोन बाजू असतात.

१९६१ मध्ये 'नेचर'मध्ये त्याने एक लेख लिहिला. म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही शोधताय तो मध्यस्थ रेणू नाहीच आहे. इलेक्ट्रॉन खाली उतरताना जी ऊर्जा सुटते, ती वापरून प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. तिकडे त्यांची गर्दी होते, इकडे तुटवडा. मग ते परत यायला बघतात, आणि परत यायची वाट एकच असते, एटीपी बनवणाऱ्या यंत्रातून.

कोयना डोळ्यांसमोर आणा. नदी मुळात पूर्वेकडे, कऱ्हाडकडे वाहणारी. धरणाने ती अडवली, आणि पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला, पोफळीच्या वीजघरात सोडलं. आता मला सांगा, त्यातली 'ऊर्जा' कुठल्या थेंबात आहे? वरचा थेंब आणि खालचा थेंब, प्रयोगशाळेत दोन्ही सारखेच पाणी. ऊर्जा आहे ती दोन पातळ्यांच्या फरकात. आणि तो फरक टिकतो कशामुळे, तर मध्ये भिंत आहे म्हणून. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर, सगळे जण एखाद्या ऑब्जेक्टमध्ये स्टेट शोधत होते, आणि स्टेट साठवलेली होती आर्किटेक्चरमध्ये.

एकदा हे धरलं की खटकणाऱ्या दोन्ही गोष्टी सरळ होतात. पडदा फाटला म्हणजे धरण फुटलं. आणि डीएनपी? ते स्निग्ध पडद्यातून आरपार जाऊ शकतं आणि जाताना प्रोटॉन सोबत घेऊन जातं. म्हणजे धरणाला पाडलेलं भोकच. वेगवेगळ्या आकाराची रसायनं तोच परिणाम का करतात, तर भोक पाडायला एकाच आकाराची पहार लागत नाही.

इतकं स्वच्छ असूनही लोकांनी ते मानलं नाही. मला यात त्यांचा फार दोष वाटत नाही. मिशेलकडे तेव्हा कल्पना होती, पुरावा जवळजवळ नव्हता. शिवाय त्याचं लिखाण क्लिष्ट, शब्द स्वतःच घडवलेले. १९६३ मध्ये पोटाच्या अल्सरने तो बेजार झाला आणि एडिनबरा सोडलं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन गावाजवळ ग्लिन हाऊस नावाचा एक पडका वाडा त्याने घेतला होता. तो दुरुस्त करायला दोन वर्षं गेली. मग तिथेच त्याने जेनिफर मॉयल या सहकारी संशोधिकेबरोबर छोटी खासगी प्रयोगशाळा थाटली. घरचा पैसा होता म्हणून जमलं, हेही सांगायला हवं. हुशारी सगळ्यांकडे असते, वाडा सगळ्यांकडे नसतो. आणि मॉयलबाईंचं नाव या गोष्टीतून नेहमी गळतं. नेमकी मोजमापं करणाऱ्या त्याच होत्या. १९६५ मध्ये या दोघांनी उंदराच्या यकृतातले मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजनविना ठेवले, मग अगदी चिमूटभर ऑक्सिजन दिला, आणि पीएचचा काटा हलला. प्रोटॉन खरंच बाहेर पडत होते.

पण सगळ्यात जबरदस्त पुरावा आला तो पालकातून.

अमेरिकेत आंद्रे यागेनडॉर्फ हरितलवकांवर काम करत होते. त्यांनी आणि जेफ्री हिंड यांनी आधीच पाहिलं होतं की हरितलवकांवर उजेड टाकून बंद केला, आणि नंतर अंधारात एडीपी आणि फॉस्फेट दिलं, तरी थोडं एटीपी बनतं. म्हणजे उजेड 'काहीतरी' साठवून ठेवत होता. ते काहीतरी काय? १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि अर्नेस्टो उरिबे यांनी उजेडच वगळून टाकला. पालकाची फोडलेली हरितलवकं अंधारात आम्लात बुडवली, पीएच ४. आम्ल आतल्या चपट्या पिशव्यांत शिरलं. मग एका झटक्यात ती पीएच ८ च्या द्रावणात टाकली, सोबत एडीपी आणि फॉस्फेट. आता पिशवीच्या आत प्रोटॉनची गर्दी, बाहेर तुटवडा.

एटीपी बनलं. काळोखात. प्रकाशसंश्लेषणाचं यंत्र, प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनचा प्रवाह नाही, तरीही. धरण बादल्यांनी भरलं आणि टर्बाइन फिरलं. यागेनडॉर्फ काही मिशेलचे जुने भक्त नव्हते, म्हणून या प्रयोगाला जास्त वजन आलं.

तरी भांडण संपलं नाही. विरोधकांनी पळवाटा काढल्या, मिशेलने ग्लिन हाऊसमधून राखाडी कव्हरची दोन पुस्तकं स्वतःच छापून जगभर पाठवली, परिषदांमध्ये आवाज चढले. १९७४ मध्ये एफ्राइम रॅकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांनी मला सगळ्यात आवडणारा प्रयोग केला. चरबीचे सूक्ष्म फुगे घेतले. त्यात मिठागरातल्या एका जांभळ्या सूक्ष्मजीवाचं प्रथिन बसवलं, जे उजेडात प्रोटॉन पंप करतं. शेजारी गाईबैलांच्या हृदयातलं एटीपी बनवणारं यंत्र बसवलं. निसर्गात यांची भेट कधीच झालेली नाही, त्यामुळे दोघांमध्ये ठरलेला कुठला 'मध्यस्थ' असण्याचा प्रश्नच नाही. उजेड टाकला, आणि एटीपी तयार झालं. दोघांमध्ये सामायिक होती ती फक्त बंद भिंत.

१९७७ मध्ये या क्षेत्रातल्या सहा दिग्गजांना मिळून एक आढावा लेख लिहायला सांगितलं. मिशेल, स्लेटर, रॅकर, बॉयर, चान्स आणि अर्न्स्टर. एकमत होईना, म्हणून लेख एकच, पण भाग ज्याचा त्याने वेगळा लिहिला! पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, रसायनशास्त्राचं नोबेल मिशेलला मिळालं. एकट्याला.

आता परत त्या शाळेच्या प्रश्नाकडे जाऊया, कारण आता आकृती वेगळी दिसते. घड्यांनी पृष्ठफळ वाढतं, बरोबर. पण वाढतं ते धरणाच्या भिंतीचं. जितकी भिंत जास्त, तितके पंप आणि तितकी टर्बाइन्स बसवायला जागा. आणि ही भिंत काय ताकदीची आहे बघा. दोन बाजूंमधला विद्युतदाब साधारण १५० मिलीव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या दहावा हिस्सा. पण पडद्याची जाडी फक्त पाचेक नॅनोमीटर. भागाकार केला की मीटरला सुमारे ३ कोटी व्होल्ट येतात. हवेत ठिणगी पडायला याच्या दहाव्या भागाइतकं पुरतं.

हरितलवकात तीच युक्ती उलटी लावलीय. मायटोकॉन्ड्रिया प्रोटॉन आतून बाहेर ढकलतो. हरितलवक ते थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या आत भरतं. पिशवी इतकी अरुंद की थोडे प्रोटॉन आले तरी आत आंबट होतं. दोन्हीकडे एटीपी मात्र जिथे हवं तिथेच पडतं. हरितलवकात ते पिशवीच्या बाहेर बनतं, जिथे साखर तयार होण्याचं काम चालू असतं.

चळतींचंही तसंच. चकत्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतात की मधल्या फटीत एटीपी बनवणाऱ्या यंत्राचं फुगीर डोकं मावतच नाही. म्हणून ती यंत्रं चळतीच्या कडांवर आणि चळती जोडणाऱ्या मोकळ्या पडद्यांवर असतात. पाणी फोडणारी प्रणाली मात्र मुख्यतः चळतीच्या आत. म्हणजे एकाच पडद्यावर वेगवेगळे विभाग पाडलेत, ऑफिसच्या मजल्यासारखे.

आणि ते यंत्र खरंच फिरतं. ही उपमा नाही. पॉल बॉयर यांनी तसा तर्क मांडला होता, १९९४ मध्ये जॉन वॉकर यांच्या गटाने त्याची रचना उलगडली, आणि १९९७ मध्ये जपानमध्ये नोजी, योशिदा, किनोसिता आणि सहकाऱ्यांनी त्याच्या दांड्याला एक चमकणारा धागा चिकटवून ते सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना दाखवलं. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं. एका फेरीत तीन एटीपी. पडद्यात बसलेल्या चक्राला गाईच्या मायटोकॉन्ड्रियात ८ भाग असतात, पालकाच्या हरितलवकात १४. एका भागाला एक प्रोटॉन. म्हणजे तीन एटीपींसाठी गाईला ८ प्रोटॉन लागतात, पालकाला १४. पालक उधळा आहे म्हणून नव्हे. हरितलवकात विद्युतदाब फारसा टिकत नाही, बहुतेक जोर आम्लतेच्या फरकाचाच. ढकलणारा जोर कमी असेल तर मोठं चक्र बरं पडतं. घाट चढताना सायकलचा गिअर बदलतो ना, तसं. आम्लात बुडवायचा तो प्रयोग हरितलवकांवर इतका सहज का जमला, तेही यातून कळतं.

हे सगळं बघायला मिशेल नव्हता. तो १९९२ मध्ये वारला. तसं पाहिलं तर यंत्राच्या आतल्या कामाबद्दलची त्याची स्वतःची कल्पना वेगळी होती आणि ती टिकली नाही. टिकली ती भिंत.

शेवटची एक गोष्ट, कारण ती पुस्तकातल्या आकृतीत अजून नीट आलेली नाही. घड्या म्हणजे आतल्या पडद्याला पडलेल्या उघड्या चुण्या नाहीत. १९९० च्या दशकात त्रिमितीय चित्रं मिळाली तेव्हा दिसलं की त्या जवळजवळ वेगळ्या खोल्या आहेत, अरुंद बोळातून बाहेरच्या भागाला जोडलेल्या. आणि त्यांच्या कडांना बाक येतो तो त्या फिरणाऱ्या यंत्रांमुळेच. ती जोडीजोडीने, एकमेकांकडून कलून, ओळीत बसतात आणि पडदा वाकवतात. यीस्टमध्ये ही जोडी जमू दिली नाही तर घड्या नीट बनत नाहीत, मायटोकॉन्ड्रिया कांद्यासारखा दिसतो, पापुद्र्यात पापुद्रा. म्हणजे भिंतीने टर्बाइनला जागा दिली, एवढंच नाही. टर्बाइनने भिंतीला आकारही दिला.

पुढच्या वेळी सुब्बाराव. तोवर भेटू, मंडळी.